पडद्यावर काहीच घडत नसताना छाती का धडधडते? समजून घ्या साउंड डिझाइन

२९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेला ‘सैराट’ आठवतोय? अजय-अतुलच्या गाण्यांवर नाचणारं थिएटर शेवटच्या प्रसंगात सुन्न झालं. आर्ची-परश्याचं लहानगं पोर घरात येतं, समोरचं दृश्य पाहतं आणि रडू लागतं. रडणं दिसतं, पण ऐकू येत नाही. किंकाळी नाही, पार्श्वसंगीत नाही. नागराज मंजुळे यांनी इथे आवाजच काढून घेतला.

प्रेक्षकाला काय ऐकू द्यायचं, किती आणि कधी, हे ठरवणं म्हणजे साउंड डिझाइन.

शांततेची भीती का वाटते?

घरातला पंखा, फ्रिजची घरघर, लांबून जाणारी लोकल हे आवाज आपल्या कानांच्या सवयीचे असतात. ते अचानक थांबले की आपण सावध होतो. सिनेमातही प्रत्येक जागेचा असा एक सततचा आवाज असतो. तो हळूहळू कमी केला, की आता काहीतरी होणार असं वाटायला लागतं.

दिसण्याआधी ऐकवणं

‘शोले’मध्ये (१९७५) गब्बरचा चेहरा लगेच दिसत नाही. आधी ऐकू येतात दगडांवरचे बूट आणि घासत जाणारा पट्टा. आवाज कुणाचा हे दिसत नाही, तोवर प्रेक्षक आपल्या मनातलं भय त्यात भरतो.

न संपणारा चढ

क्रिस्टोफर नोलनच्या ‘डंकर्क’मध्ये (२०१७) शेपर्ड टोन वापरला आहे. यात अनेक सूर एकत्र चढतात. वरचा विरत जातो, तेवढ्यात खालून नवा सूर येतो. त्यामुळे आवाज सतत चढतोय असा भास होतो आणि ताण सुटत नाही.

हे आवाज येतात कुठून?

बरेचसे शूटिंगच्या वेळचे नसतात. अंधेरी, वर्सोवा भागातल्या स्टुडिओंमध्ये फोली कलाकार पडद्याकडे बघत पावलं, कपड्यांची सळसळ, दाराची कडी असे आवाज नव्याने तयार करतात. रेती, फरशी, लाकूड अशा वेगवेगळ्या पृष्ठभागांवर चालून पावलं रेकॉर्ड होतात. मग मिक्सिंगमध्ये कोणता आवाज पुढे आणायचा आणि कोणता दाबायचा, हे ठरतं.

मोबाइलवर परिणाम कमी का होतो?

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. थिएटरमध्ये छातीत जाणवणारी खोल घरघर या पट्ट्याच्या तळाशी असते. फोनच्या छोट्या स्पीकरमधून ती जवळपास गायब होते. त्यात बोरिवली लोकलच्या गर्दीत रील पाहणाऱ्याला शांतताही मिळत नाही.

म्हणूनच मोबाइलसाठी शॉर्टफिल्म करणाऱ्यांनी श्वास, नखांचा ओरखडा, दाराची करकर अशा आवाजांवर भर द्यावा. ते छोट्या स्पीकरवरही नीट पोहोचतात. ‘सैराट’चा शेवट पुन्हा पाहायचा असेल, तर हेडफोन लावा. आवाज गेल्यावर काय होतं, ते तेव्हाच कळेल.