छांदिष्टांचीं भांडारें

मनुष्याला वस्तू जमविण्याची हौस उपजतच असते. लहान मूल वाटेवरचे खडे, शिंपले आणि कांचेचे रंगीत तुकडे खिशांत भरून घरीं आणतें, आणि त्याची आई तें सर्व दुसऱ्या दिवशीं केराबरोबर टाकून देते. पुढें तेंच मूल शाळेंत जाऊं लागलें म्हणजे आगपेट्यांवरील चित्रें किंवा पोस्टाचीं तिकिटें गोळा करूं लागतें. बहुतेकांची ही हौस मिसरूड फुटतां फुटतां मावळते. परंतु थोड्यांच्या ठायीं ती मावळत नाहीं. उलट वयाबरोबर वाढत जाते आणि त्यांच्या पैशाचा, वेळेचा व झोंपेचाहि ग्रास घेते. अशा माणसांना जग छांदिष्ट म्हणतें. कोणी कुलपें जमवितो, कोणी अडकित्ते, कोणी दिवे, तर कोणी दौती. शेजारीपाजारी हंसतात, घरचीं माणसें कपाळाला हात लावतात. तथापि जगांतील कित्येक थोर वस्तुसंग्रहालयांचा पाया अशाच छांदिष्टांनीं घातलेला आहे. तेव्हां या छंदाची थोडी हकीकत पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

इंग्लंडांत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत जॉन ट्रॅडेस्कंट नांवाचा एक माळी होऊन गेला. सरदारांच्या आणि शेवटीं खुद्द पहिल्या चार्ल्स राजाच्या बागा सांभाळणें हा त्याचा व्यवसाय. नवीन झाडांच्या शोधार्थ तो देशोदेशीं हिंडला. १६१८ सालीं तर तो रशियापर्यंत जाऊन आला. झाडांबरोबर तो चमत्कारिक वस्तूहि आणूं लागला. त्याच्या मुलाचें नांवहि जॉनच. तो १६३७ सालीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत गेला आणि त्यानें बापाच्या संग्रहांत भर घातली. लंडनजवळ लँबेथ येथें त्यांचें घर होतें. जगांतील सर्व जातींचे प्राणी ज्या नौकेंत वांचले, त्या नोआच्या तारवाचेंच नांव लोकांनीं या घराला दिलें होतें. १६५६ सालीं धाकट्या ट्रॅडेस्कंटनें संग्रहाची यादी छापून प्रसिद्ध केली. तींत मॉरिशस बेटांतील डोडो पक्षी होता. व्हर्जिनियांतील पौहाटन राजाच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें, शिंपल्यांनीं नक्षी भरलेलें मृगचर्माचें वस्त्र होतें. एका लहानशा फळाच्या अर्ध्या कवचींत बसविलेल्या संसारोपयोगी सत्तर जिनसा होत्या. आणि वाइट बेटावर पडलेल्या रक्ताच्या पावसाचा नमुनाहि होता! खरें आणि खोटें, अमोल आणि कवडीमोल, सर्व एकाच फडताळांत नांदत होतें.

या संग्रहाचें पुढें काय झालें, तें मात्र मनाला चटका लावणारें आहे. यादी करण्याच्या कामीं इलायस अ‍ॅशमोल या विद्वान गृहस्थानें साहाय्य केलें होतें. १६५९ सालीं ट्रॅडेस्कंटनें सर्व संग्रह त्याला दानपत्रानें लिहून दिला. नंतर त्याचें मन पालटलें. आपल्या पत्नीनें, हेस्टरनें, तो हयातभर सांभाळावा आणि तिच्या पश्चात् तो ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज विद्यापीठाकडे जावा, असें त्यानें मृत्युपत्रांत नमूद केलें. १६६२ सालीं तो वारला. दानपत्र खरें कीं मृत्युपत्र खरें, हा वाद न्यायासनापुढें गेला आणि निकाल अ‍ॅशमोलच्या बाजूनें लागला. १६७८ सालीं हेस्टर स्वतःच्याच बागेंतील तळ्यांत बुडून मरण पावलेली आढळली. १६८३ सालीं ऑक्सफर्ड येथें तो संग्रह सर्वांसाठीं खुला झाला. पण त्या संग्रहालयाला नांव मिळालें अ‍ॅशमोलचें. दोन पिढ्या खपून ज्यांनीं वस्तू जमविल्या, त्यांचें नांव दारावर नाहीं. डोडोचा तो देह कालांतरानें कुजला. त्याचें मस्तक आणि एक पाय एवढेंच काय तें उरलें. मॉरिशसमधील डोडो पक्षी तर त्या सतराव्या शतकांतच नामशेष झाले. आज त्या पक्ष्याच्या शरीराचे जे थोडे अवशेष जगांत आहेत, त्यांत मांस व त्वचा शिल्लक असलेला अवशेष एवढाच. आणि तो एका माळ्याच्या छंदामुळें राहिला आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. सोनें, रत्नें, मुकुट, तरवारी यांना जपणारे पुष्कळ असतात. जी वस्तु रोजच्या वापरांतली, जी सर्वांपाशीं असते, तिला मात्र जपणारा कोणीच नसतो. म्हणून तीच सर्वांच्या आधीं नाहींशी होते. सिंध प्रांतांतील टपालाचेंच उदाहरण घ्यावें. १८५२ सालीं, सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग असतां, तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर यांनीं अर्ध्या आण्याचीं तिकिटें सुरू केलीं. हेच फ्रिअर पुढें मुंबईचे गव्हर्नर झाले. आशिया खंडांतील हीं पहिलीं टपाल तिकिटें. त्यांतलीं कांहीं लाखेच्या लाल टिकलीवर उठविलेलीं असत आणि थोडा दाब पडतांच त्यांचे तुकडे होत. १८५४ सालीं सर्व हिंदुस्थानाकरितां नवीं तिकिटें निघालीं आणि जुनीं बंद झालीं. ज्या काळीं तीं अर्ध्या आण्याला मिळत, त्या काळीं तीं ठेवून देण्याचें कोणाला सुचलें नाहीं; पुढें संग्राहकांनीं तींच जिवापाड जपलीं.

आपल्या महाराष्ट्रांत या छंदाला ज्यांनीं व्रताचें रूप दिलें, ते पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). मराठी रसिकांना ते 'अज्ञातवासी' या नांवानें लिहिणारे कवि म्हणून परिचित होते. १९२० च्या सुमारास त्यांनीं जुन्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वींच पुण्यांत इतिहासाचे कागद जमविण्याची चळवळ जोरांत सुरू झाली होती. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. दप्तरांतून लढाया, तह, वतनें आणि कज्जे यांचा वृत्तांत मिळूं लागला. परंतु ज्या हातांनीं तीं पत्रें लिहिलीं, ते हात कोणत्या दौतींत लेखणी बुडवीत, कोणत्या दिव्याच्या उजेडांत बसत, पान खातांना सुपारी कशानें कातरीत, हें कागद सांगत नाहींत. तें सांगणाऱ्या वस्तू त्याच वेळीं झपाट्यानें नाहींशा होत होत्या.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. पुढील शंभर वर्षांत सरदारांचे आणि सावकारांचे वाडे हळूहळू खचत गेले. भाऊबंदांत वांटण्या झाल्या म्हणजे जमीन आणि दागिने यांच्यावरून तंटे होत. परंतु माजघरांतला लामणदिवा किंवा कोनाड्यांतली चुन्याची डबी यांच्यासाठीं कोणी भांडत नसे. रॉकेलचा कंदील आला तशी समई देवघरापुरती उरली. विजेचा दिवा आला तसा कंदीलहि माळ्यावर गेला. जुनें तांबें-पितळ तराजूंत घालून मोडींत काढावें आणि वर थोडे पैसे देऊन नवें भांडें घ्यावें, असा घरोघरचा रिवाज होता. मोडीच्या तराजूला धातूचें वजन कळतें, कारागिराच्या हाताचें कळत नाहीं. भांडें एकदां भट्टींत गेलें म्हणजे त्यावरचा मोर कोणी कोरला आणि कोणत्या सासुरवाशिणीनें तें माहेराहून आणलें, हें विचारण्यास जागाच उरत नाहीं.

केळकर हे कांहीं संस्थानिक नव्हते. वाड्यांतून, बाजारांतून, खेड्यापाड्यांतून हिंडावें, आणि जें इतरांना अडगळ वाटे तें पैसे मोजून घरीं आणावें, हा त्यांचा क्रम वर्षानुवर्षें चालला. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. अशा घरांतील गृहिणीनें हा छंद गोड मानून घेणें ही सामान्य गोष्ट नव्हे; छांदिष्टाच्या संसाराचा भार बहुधा दुसऱ्याच कोणाच्या खांद्यावर असतो.

त्यांच्या संग्रहांतील एकेक प्रकार पाहिला म्हणजे नवल वाटतें. पाय घांसण्याची वज्री ही किती क्षुल्लक वस्तु! न्हाणीघरापलीकडे तिला प्रतिष्ठा नाहीं. पण तिच्यावरहि जुन्या कारागिरांनीं पशुपक्ष्यांच्या आकृति घडविल्या आहेत. अडकित्ते पाहावे तर कोणी घोड्याच्या आकाराचा, कोणी पोपटाच्या, तर कोणी स्त्रीपुरुषांच्या जोडीचा. पानदानें, कलमदानें, कुलपें, फण्या, गंजिफा, सोंगट्या, शेवयांचे सांचे, नाना तऱ्हेचे दिवे, वाद्यें, कोरीव दरवाजे, चित्रकथींचीं चित्रें, अशी ही गणती लांबत जाते. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेषहि तेथें आणून पुन्हां उभे केलेले आहेत. वस्तूंची एकंदर संख्या वीस हजारांच्या घरांत जाते, आणि त्यांतील थोडाच भाग एका वेळीं मांडतां येतो. या कारागिरांपैकीं जवळजवळ कोणाचेंच नांव ठाऊक नाहीं. त्यांचा इतिहास लिहिण्यास दुसरें साधन नाहीं. त्यांचा हात हीच त्यांची बखर.

शुक्रवार पेठेंतील या संग्रहालयाचें नांव 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' असें आहे. तें वाचून अनेकांना केळकर हे कोणी राजे असावेत असें वाटतें. वस्तुतः राजा हें त्यांच्या मुलाचें नांव. तो बालपणींच वारला. दुःखांत बुडालेला बाप एखादें वेळीं आपला छंद टाकून देता. केळकरांनीं तो टाकला नाहीं, त्या मुलाच्या स्मृतीला वाहिला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर त्यांनीं आपला संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. लँबेथच्या घरांत दानपत्र आणि मृत्युपत्र यांचा जो झगडा झाला, तो येथें होऊं शकला नाहीं. कारण देणाऱ्यानें आपल्या हयातींतच, उघड्या हातानें देऊन टाकलें.

हैदराबादचे तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान (१८८९–१९४९), यांची गोष्ट याहून निराळी. ते निजामाचे कांहीं काळ दिवाण होते. घरची दौलत मोठी, आणि वाडवडिलांनीं जमविलेल्या वस्तूंचा वारसाहि मोठा. त्यांनीं लग्न केलें नाहीं. त्यांच्या निधनानंतर १९५१ सालीं त्यांच्याच दिवाण देवडींत तो संग्रह लोकांसाठीं खुला करण्यांत आला, आणि १९६१ सालीं पार्लमेंटनें कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्व दिलें. श्रीमंताचा छंद आणि मध्यमवर्गीयाचा छंद यांत पैशाचें अंतर पुष्कळ. पण कसोटी दोघांची एकच. संग्राहकाच्या मागें वस्तूंचें काय होतें, यावर त्याच्या छंदाची किंमत ठरते. कुलूप लावून ठेवलेला संग्रह हा केवळ लोभ होय; दार उघडलें म्हणजे त्याचीच विद्या होते.

या छंदांत दोषहि शिरतात, हें सांगितलें पाहिजे. गरजवंताची अडचण पाहून त्याच्या घरची वस्तु कवडीमोलानें उचलणें, देवळांतील मूर्ति चोरून आणलेली आहे हें जाणूनहि ती विकत घेणें, ही संग्राहकाची नव्हे, लुटारूची रीत झाली. दुसरा दोष याहून साधा, पण फार सर्रास आढळणारा: वस्तु ठेवावयाची आणि तिची माहिती टिपून ठेवावयाची नाहीं. ट्रॅडेस्कंटच्या यादींत रक्ताचा पाऊसहि आहे, म्हणून लोक हंसतात. परंतु ती यादी नसती तर त्या संग्रहांत काय काय होतें हें आज कळलेंच नसतें. माहितीवांचून वस्तु म्हणजे पत्त्यावांचून पत्र.

श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं माळ्यावर एखादा दिवा, एखादा अडकित्ता, एखादी जुनी दौत अजून पडून असेल. ती सर्वांनींच जपून ठेवावी असें कोणी म्हणणार नाहीं. घरें लहान आहेत आणि संसाराच्या गरजा मोठ्या आहेत. पण ती मोडींत काढण्यापूर्वीं घरांतल्या वडील माणसाला एकदां विचारावें: ही कोणाची, कोठून आणली, हिला काय म्हणत? उत्तर मिळेल तें कागदाच्या चिठोऱ्यावर लिहावें आणि चिठोरा वस्तूला बांधावा. एवढें केल्यावर कदाचित् ती वस्तु तराजूंत घालावीशी वाटणार नाहीं. आणि घातलीच, तरी निदान तिचें नांव तरी मागें उरेल.