दोन दातांमधील कीड : इतिहास आणि उपाय

'दाताला कीड लागली' असे आपण आजही म्हणतो. या शब्दप्रयोगात एक फार जुनी समजूत दडलेली आहे. दाताच्या आत खरोखरच किडा असतो व तो दात कुरतडतो, असे बाबिलोनपासून युरोपपर्यंत लोक हजारो वर्षे मानीत आले. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ साली आपल्या ग्रंथात या किड्याला नकार दिला. मग दात पोखरतो कोण? याचे उत्तर १८९० साली मिलर या अमेरिकन संशोधकाने ग्रंथरूपाने मांडले. तोंडातील सूक्ष्म जंतू अन्नातील साखरेचे व पिठूळ पदार्थांचे आम्ल बनवितात आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण विरघळविते.

हे काम सर्वांत निर्धोकपणे चालते ते दोन दात एकमेकांना टेकतात तेथे. तेथे ना जीभ पोहोचते, ना ब्रश. बोटाने लावलेल्या राखुंडीची तर गोष्टच सोडा. इ. स. १००० च्या सुमारास कॉर्डोव्याचे विख्यात शल्यवैद्य अल्-जहरावी यांनी 'अत्-तस्रीफ' या ग्रंथात दातांवरील किटण खरवडण्याची हत्यारे चित्रांसह दिली आहेत. आपल्या घरांतही मिसवाक आणि जेवणानंतरची खिलाल यांची चाल जुनी आहे. ती चांगलीच आहे. पण काडीने अडकलेला कण निघतो, टेकलेल्या जागेत काडी शिरत नाही.

तेथे शिरतो तो दोरा. न्यू ऑर्लिन्स येथील दंतवैद्य लेव्ही पार्म्ली यांनी १८१९ सालच्या आपल्या पुस्तकात मेण लावलेला रेशमी दोरा दातांच्या फटींतून फिरवावा, असा सल्ला दिला. इतका साधा उपाय हाती असूनही पुढील शंभर वर्षे दंतवैद्यकाचा भर दात कापण्यावरच राहिला. आमच्या मते याचे कारण उघड आहे. दोरा फिरवणे हे रोग्याचे काम, कानस चालवणे हे वैद्याचे. आणि नाव होते ते कामगिरी करणाऱ्याचे.

१८७१ साली बाल्टिमोरचे रॉबर्ट आर्थर यांनी तर कीड लागण्याआधीच टेकणाऱ्या दातांच्या कडा कानशीने घासून त्यांत कायमची फट ठेवावी, असे सुचविले. आर्थर कोणी ऐरेगैरे नव्हते. १८४१ साली जगातील पहिल्या दंतमहाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यांपैकी ते एक. त्यांचा हेतूही शुद्ध होता. परंतु घासलेले दात सरकतात, फटींत अन्न दाटते आणि हिरडी दुखावते. ही पद्धत मागे पडली. पुढे शिकागोचे जी. व्ही. ब्लॅक यांनी किडीचे जागेप्रमाणे वर्ग पाडले व चांदीचे मिश्रण भरण्यापूर्वी खड्डा कसा कोरावा याचे नियम घालून दिले. कीड पुन्हा लागू नये म्हणून आसपासचा निरोगी भागही कापावा, हा त्यांचा दंडक जगभर चालला. आपल्या देशात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी अमेरिकेत शिकून येऊन १९२० साली कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय काढले.

दरम्यान लपलेली कीड दिसू लागली होती. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. काही आठवड्यांतच जर्मनीचे वॉल्खॉफ यांनी स्वतःच्या दातांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे निश्चल पडून राहावे लागले! १९२५ साली रेपर यांनी दातांनी चावून धरण्याची फिल्म काढली, आणि वरच्या-खालच्या दाढांच्या मधल्या जागा एकाच चित्रात येऊ लागल्या.

लवकर दिसले की कापण्याची घाई उरत नाही. आवरणापुरतीच असलेली कीड फ्लोराइडने थांबू शकते, हे आता दंतवैद्य मानतात. काही वेळा पातळ राळ झिरपवून, यंत्र न लावताही तिला अडविता येते. पालकांनी एक ध्यानात घ्यावे. दुधाच्या दाढा रुंद टेकतात, त्यांचे आवरण पातळ असते, आणि वरून काळसर छटा दिसेपर्यंत आत बरेच पोखरलेले असते. 'पडणारेच दात आहेत' म्हणून सोडून दिल्यास दाढ अकाली काढावी लागते, शेजारचे दात सरकतात व कायमच्या दाताची जागा अडते.

आणि दोरा? २००६ साली जुन्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. शाळेच्या दिवशी प्रशिक्षित व्यक्तीने मुलांच्या दातांतून दोरा फिरविला तेथे मधली कीड स्पष्टपणे कमी झाली. मुलांनी स्वतःच फिरवावा म्हणून सोडून दिले, तेथे असा फरक आढळला नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे काम म्हणून आईवडिलांच्याच हातचे आहे. रात्री निजण्यापूर्वी, दिव्याच्या उजेडात, मुलाचे डोके मांडीवर घेऊन दोरा दोन दातांमध्ये हलकेच सरकवावा, प्रत्येक दाताच्या कडेला लपेटून वर-खाली घासावा, आणि मग फ्लोराइडची पेस्ट लावावी. तीन वर्षांखालील मुलास ती तांदळाच्या दाण्याएवढीच.