स्मरणाचा डाव

कन्नमवारनगरातल्या कट्ट्यावर बुद्धिबळाचा पट मांडला गेला की पहिल्या आठ-दहा चाली झरझर पडतात. खेळणारे त्या वेळी विचार करीत नसतात, आठवत असतात. संगणकाच्या बुद्धिबळाचा इतिहास वाचताना विक्रोळीतले हे नेहमीचे दृश्य आम्हांला आठवले.

दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी ‘विलासमणिमंजरी’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे इंग्रजी रूपांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले. पटावरील निवडक पेच त्यात मांडले आहेत. शिकणाऱ्याची तयारी व्हावी, स्मरणशक्तीला व्यायाम घडावा, हा हेतू. संगणकाचे ‘ओपनिंग बुक’ याच कुळातले. त्यात आरंभीच्या स्थिती नोंदलेल्या असतात आणि प्रत्येकीसमोर खेळण्याजोग्या चाली. किती डावांत ती चाल खेळली गेली, यश किती आले, यांवरून तिचे वजन ठरते. समोरची स्थिती पुस्तकात सापडली की प्रोग्रॅम बहुधा त्या वजनांच्या प्रमाणात एक चाल उचलतो. म्हणूनच तो रोज एकच डाव खेळत नाही. स्थिती सापडेनाशी झाली, की मगच त्याचे स्वतःचे गणित सुरू होते.

११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘डीप ब्लू’ने कास्पारोव्हविरुद्धच्या सहाव्या डावात आठव्या चालीला घोड्याचा बळी दिला. एकोणीस चालींत जगज्जेता हरला आणि सामनाही गमावून बसला. यंत्राला प्रतिभा फुटली, असे अनेकांना वाटले. वस्तुतः ती चाल पुस्तकातली होती. जोएल बेंजामिन आणि अन्य ग्रँडमास्टरांनी सुमारे ४,००० स्थितींचे ते पुस्तक हाताने रचले होते. मग ती चाल कोणाची? साहित्याच्या अभ्यासकाला कर्तृत्वाचा हा प्रश्न अनोळखी नाही.

पुढे २०१७ मध्ये ‘अल्फाझीरो’ कोणत्याही पुस्तकाविना, केवळ स्वतःशी खेळून शिकला आणि माणसांनी शतकानुशतके घोटलेल्या कित्येक सुरुवातींपाशी आपण होऊन पोचला. परंपरा म्हणजे निव्वळ घोकंपट्टी नव्हे, याची ही साक्षच म्हणावी लागेल.

उत्तरपत्रिका तपासताना आम्ही पाठांतरावर फार चिडतो. आता वाटते, पाठांतराला दोष देण्यात अर्थ नाही. पुस्तक कोठे संपले हे प्रोग्रॅमला नेमके कळते. आमच्या विद्यार्थ्याला, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही, ते पुष्कळदा कळत नाही.