शेवाळाच्या कवचाची कुळकथा

डिसेंबर १८९३. ब्रिस्टलमध्ये मधुमेहाने मरणाच्या दारात पोचलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली डॉ. वॉटसन-विल्यम्स यांनी नुकत्याच मारलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले. तीन दिवसांत मुलगा गेला. इन्सुलिन हाती यायला अजून जवळजवळ तीस वर्षे होती. तरी दुखण्याचे मूळ स्वादुपिंडात आहे, हे या डॉक्टरांनी अचूक हेरले होते. परक्या प्राण्याचे मांस मात्र माणसाचे शरीर ठेवून घेत नाही.

पुढे डुकराचे इन्सुलिन लाखो रुग्णांनी टोचून घेतले. आपल्या इन्सुलिनपेक्षा ते एका अमिनो आम्लापुरतेच वेगळे. पण इन्सुलिन चालले, म्हणून ते बनवणारी पेशी चालत नाही. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तात आधीपासूनच तयार असतात. प्रतिकारशक्ती औषधांनी दाबावी, तर साधा संसर्गही जिवावर बेततो. मग शरीराला गप्प बसवण्यापेक्षा पेशीलाच झाकले तर?

या विचाराचे बीज मॉन्ट्रियलचे. मॅक्‌गिल विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस चँग यांनी १९५७ मध्ये वसतिगृहाच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली आणि कलोडियनच्या पातळ पापुद्र्यात हिमोग्लोबिन कोंडले. जिवंत पेशीही अशाच झाकता येतील, हे पुढे त्यांनीच सुचवले.

ते करून दाखवले १९८० मध्ये फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी. त्यांनी निवडले अल्जिनेट, म्हणजे समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून निघणारा चिकट पदार्थ. त्याच्या द्रावात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके मिसळायचे आणि थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडायचे. पडताक्षणी थेंब थिजतो. साबुदाण्याचा शिजलेला दाणा असावा तसा, पण कितीतरी बारीक. वरून पॉलिलायसिनचा लेप. या आवरणातून ग्लुकोज आणि प्राणवायू आत जातात, इन्सुलिन बाहेर येते. पांढऱ्या पेशींना मात्र वाट मिळत नाही. मधुमेही उंदरांत उघड्या पेशी आठवडाभर टिकल्या, झाकलेल्या सुमारे तीन आठवडे. मला या साऱ्या कथेतली ही सर्वांत देखणी पायरी वाटते.

१९९६ मध्ये न्यूझीलंडमध्ये रॉबर्ट इलियट यांच्या गटाने डुकराच्या अशा झाकलेल्या पेशी एका मधुमेही रुग्णाच्या पोटात सोडल्या. त्याची इन्सुलिनची गरज तीस टक्क्यांनी उतरली, पण वर्षभरात पूर्ववत झाली. साडेनऊ वर्षांनी दुर्बिणीने पोटात पाहिले, तेव्हा कवचातल्या काही पेशी जिवंत होत्या आणि थोडे इन्सुलिनही बनवत होत्या.

तरीही रोग हटला नाही, कारण कवच शत्रूला अडवते तसेच रक्तवाहिन्यांनाही अडवते. त्यातच शरीर त्याभोवती तंतूंचे जाळे विणते आणि आतल्या पेशी प्राणवायूविना गुदमरतात. म्हणून कवचाच्या द्रव्याचा शोध सुरूच राहिला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात रमेश भोंडे आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी कायटोसान नावाचे द्रव्य तपासले.

आता जनुके बदललेल्या डुकरांची हृदये आणि मूत्रपिंडे माणसांत बसवली गेली आहेत. अख्खा अवयव कवचात मावत नाही, त्यामुळे त्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावीच लागतात. स्वादुपिंडाच्या पेशींपुढे कवचाचा पर्याय आहे. प्राणवायूचा प्रश्न सुटेपर्यंत मात्र तो अपुराच राहणार.