संयुक्तत्वाची सिद्धता आणि अवयवांचा शोध

मारँ मर्सेन ह्या फ्रेंच धर्मगुरूने इ. स. १६४४ मध्ये असे प्रतिपादन केले की, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ ह्यांच्याच बाबतीत २ च्या घातातून १ वजा केल्यास मूळसंख्या मिळते. पुढे ही यादी सदोष ठरली. तीत ६७ व २५७ हे घातांक चुकीने आले होते, तर ६१, ८९ व १०७ हे गळले होते. ह्यांपैकी ६७ ह्या घातांकाची एकवीस अंकी संख्या, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, विशेष बोधप्रद आहे.

ती संयुक्त असल्याचे एद्वार ल्यूका ह्याने १८७६ मध्ये दाखविले. परंतु तिचा एकही अवयव त्यास सांगता आला नाही. त्याच्या कसोटीत एका ठराविक संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करावयाचे, मूळ संख्येने भागून शेष घ्यावयाचा आणि हीच क्रिया पुनःपुन्हा करावयाची असते. अखेरचा शेष शून्य न आल्यास संख्या संयुक्त ठरते. येथेच एक अडचण उद्भवते. मध्ये कोठे हिशेब चुकला, तरीही शेष बहुधा शून्येतरच येणार. म्हणजे अशा निर्णयाची खातरजमा करण्यास सर्व आकडेमोड पुन्हा करणे भाग पडते.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क येथील सभेत फ्रँक नेल्सन कोल ह्याने १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ हे अवयव मांडले. त्याने एक शब्दही न उच्चारता फळ्यावर गुणाकार केला, ही कथा एरिक टेंपल बेल ह्याच्या १९५१ मधील ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाली. ‘तीन वर्षांचे रविवार’ हा कोलचा उद्गारही तेथलाच. मात्र ह्या कथेमुळे कोलची पद्धती झाकोळली जाते. प्रत्येक अवयव १३४ च्या पटीहून १ ने अधिक आणि ८ ने भागिल्यास १ किंवा ७ शेष ठेवणारा असला पाहिजे, हे पूर्वीच ज्ञात होते. तथापि एवढ्याने शोधाचे क्षेत्र पुरेसे आकुंचित होत नाही. लहान अवयवाच्या बाबतीत ती पट १४४५५८० वी आहे! म्हणून कोलने वर्गशेषांच्या साहाय्याने आणखी उमेदवार गाळले.

ल्यूकाचा निर्णय अचूक होता. कोलने त्यास सहज पडताळता येण्याजोगे प्रमाण दिले. ह्या दोन कार्यांतील भेद आजही कायम आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना ह्यांनी २००२ मध्ये असे सिद्ध केले की, संख्या मूळ आहे किंवा नाही हे तिच्या अंकसंख्येच्या बहुपदीने मर्यादित अशा पायऱ्यांत निश्चितपणे ठरविता येते. अवयव शोधण्याची तशी रीत नेहमीच्या संगणकांसाठी अद्याप ज्ञात नाही. आणि १९७७ मध्ये योजिलेल्या आर. एस. ए. ह्या गुप्तलेखन पद्धतीची भिस्त ह्याच उणिवेवर आहे.