भिन्न स्टेनलेस स्टीलचे वितळजोड

रासायनिक घटना व स्फटिकरचना वेगवेगळी असलेले स्टेनलेस स्टीलचे (अगंज पोलादाचे) दोन प्रकार वितळवून एकमेकांस जोडले असता होणाऱ्या सांध्यास भिन्न स्टेनलेस स्टीलचा वितळजोड म्हणतात. रासायनिक कारखान्यांतील टाक्या व नळमार्ग यांत असे जोड आढळतात. महाग पोलाद आवश्यक तेथेच वापरावे, हा त्यांमागील नेहमीचा हेतू होय.

३०४ या ऑस्टेनाइटी पोलादात सुमारे १८% क्रोमियम व ८% निकेल असते. त्याच्या भांड्यास लोहचुंबक सहसा चिकटत नाही. ४३० हे फेराइटी पोलाद जवळजवळ निकेलविरहित व चुंबकीय असते. २२०५ या डुप्लेक्स पोलादात फेराइट व ऑस्टेनाइट साधारण समप्रमाणात असतात.

सूक्ष्मरचना

जोडात दोन्ही मूळ धातू आणि भरणधातू (फिलर) मिसळतात. कोणत्या बाजूचा धातू किती वितळला यावर मिश्रणाची घटना ठरत असल्याने, जोडाची सूक्ष्मरचना ही दोन्ही बाजूंची सरासरी मानणे चुकीचे ठरते. तिचा अंदाज १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेफ्लर आकृतीवरून करता येतो. फेराइट वाढविणारी मूलद्रव्ये तीत क्रोमियम-तुल्यांकात, तर ऑस्टेनाइट टिकविणारी निकेल-तुल्यांकात मोजतात. नायट्रोजनचा विचार नंतरच्या आकृत्यांत आला.

धातू थिजताना केवळ ऑस्टेनाइटच तयार झाल्यास गंधक व फॉस्फरस यांचे कमी तापमानास वितळणारे पातळ थर कणसीमांवर साचतात आणि आकुंचनाच्या ताणाने जोड तडकतो. यास उष्ण तडकणे म्हणतात. फेराइटमध्ये ही अपद्रव्ये अधिक विरघळत असल्याने जोडात थोडे फेराइट मुद्दाम राखतात. मात्र ते फार झाल्यास, सुमारे ६०० ते ९५० °से. तापमानात दीर्घकाळ राहिलेल्या जोडात ठिसूळ सिग्मा प्रावस्था निर्माण होते.

वितळजोडक्षमता

३०४ व ४३० यांच्या जोडास ३०९एल हा भरणधातू प्रचलित आहे. त्याने जोडधातू सुधारतो, परंतु लगतच्या उष्णताबाधित पट्ट्यात ४३०चे कण मोठे होऊन येणारा ठिसूळपणा टळत नाही. त्यासाठी उष्णताच कमी द्यावी लागते. शिवाय ऑस्टेनाइटी पोलाद तापल्यावर फेराइटीपेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावत असल्याने वारंवार तापणाऱ्या सांध्यावर ताण येतो.

३१६एल व २२०५ यांच्या जोडास २२०९ भरणधातू वापरतात. येथे अडचण दुहेरी आहे: अतिजलद थंड झाल्यास डुप्लेक्स बाजूस फेराइट वाढते, तर फार सावकाश थंड झाल्यास सिग्मा. म्हणून दोन थरांमधील तापमान साधारणतः १५० °से.च्या आत ठेवतात.

जोडाजवळ उमटणारा निळा-तपकिरी थर गंजरोध घटवितो. तो आम्लाने किंवा स्टेनलेस तारेच्या ब्रशाने काढतात. साध्या पोलादी ब्रशाचे कण पृष्ठभागावर राहून तेथेच गंज धरतो.