मुंबई राज्य, द्वैभाषिक : विघटन व परिणाम

मराठी आणि गुजराती या दोन भाषांचा मुलूख एका अंमलाखाली आणून 1 नोव्हेंबर 1956 रोजी घडविलेले आणि 1 मे 1960 रोजी विभागले गेलेले भारतीय संघराज्यातील घटकराज्य. साडेतीन वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या राज्याच्या विभाजनानंतर गुजरात 17 व महाराष्ट्र 26 जिल्ह्यांचे झाले. राज्याच्या कारभाराचा साद्यंत वृत्तांत येथे दिलेला नाही (पहा : मुंबई इलाखा). दोन भाषिक समाज राजकीय दृष्ट्या विभक्त झाले तेव्हा जी पिढी शाळेत शिकत होती तिच्या वाट्याला काय आले आणि सरहद्दीवरच्या शेजारी मुलखांवर त्याचा कोणता परिणाम झाला, एवढीच या नोंदीची मर्यादा आहे.

पार्श्वभूमी : ब्रिटिश अमदानीतील मुंबई इलाखा हा मुळातच अनेक भाषांचा प्रदेश होता आणि त्यातून बाहेर पडण्याची परंपराही 1960 च्या पुष्कळ आधीची आहे. 1936 मध्ये सिंध वेगळा झाला. 1956 मध्ये बेळगाव, विजापूर, धारवाड व कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्याकडे गेले. त्यानंतर गुजरातची पाळी आली. या क्रमाकडे पाहिले म्हणजे द्वैभाषिकाचे विघटन हा आकस्मिक अपघात नसून एका दीर्घ प्रक्रियेचा अखेरचा टप्पा होता, असे म्हणावे लागते. मराठी भाषकांच्या एका राज्याचा ठराव 1946 च्या बेळगाव येथील साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, मंजूर झाला. दार आयोग व त्यामागून आलेली जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभी यांची समिती, या दोहोंनी भाषावार रचनेस तूर्त प्रतिकूल मत दिले. फाजल अली आयोगाने 1955 मध्ये विदर्भ वगळून द्वैभाषिकाची शिफारस केली. संसदेने पुढल्या वर्षी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ यांसह विशाल द्वैभाषिक निर्माण केले.

आंदोलन : मुंबई शहर केंद्रशासित करण्याच्या घोषणेने जानेवारी 1956 मध्ये जो भडका उडाला, त्याची झळ गिरगाव, ठाकूरद्वार, लालबाग, परळ व दादर या वस्त्यांना सर्वांत अधिक लागली. त्याआधी 21 नोव्हेंबर 1955 रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झालाच होता. हुतात्म्यांची संख्या परंपरेने 105 सांगतात. काही याद्यांत ती याहून एकदोनांनी अधिक आहे. 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि 1957 च्या निवडणुकीत तिने मुंबई व पश्चिम महाराष्ट्र या भागांत सत्ताधारी पक्षास मोठा हादरा दिला. श्री. अ. डांगे हे याच निवडणुकीत मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले. आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ आणि अमर शेख, अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर या शाहिरांची कवने यांनी गिरणगावातील निरक्षर श्रोत्यालाही राज्यपुनर्रचनेसारखा क्लिष्ट विषय आपल्या घरचा वाटावयास लावला.

येथे एक गोष्ट मराठी वाचकापुढे आवर्जून ठेवावीशी वाटते, कारण आपल्याकडील बहुतेक वृत्तांतांत ती एका ओळीत उरकली जाते. 8 ऑगस्ट 1956 रोजी अहमदाबादेत काँग्रेस भवनासमोर जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला व त्यांतील काही मृत्युमुखी पडले. इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालील महागुजरातची चळवळ त्यातूनच पेटली. म्हणजे एकमेकांपासून विभक्त होण्याची मागणी करीत दोन्ही भाषांचे तरुण एकाच राज्यरचनेविरुद्ध उभे राहिले आणि दोघांनीही त्यासाठी रक्त सांडले. त्यांचे परस्परांशी वैर नव्हते, असे नि:शंकपणे म्हणता येत नाही, कारण मुंबईच्या स्वामित्वाचा वाद कटू होता. परंतु त्यांचे गाऱ्हाणे एकच होते.

1960 चा अधिनियम : विभाजनाचा कायदेशीर आधार म्हणजे संसदेने केलेला मुंबई पुनर्रचना अधिनियम, 1960. त्याची शब्दयोजना सूक्ष्म लक्ष देण्याजोगी आहे. लोकभावनेत 1 मे हा महाराष्ट्राच्या जन्माचा दिवस होय. अधिनियमाच्या भाषेत मात्र नवे राज्य निर्माण झाले ते गुजरात, आणि त्यानंतर उरलेल्या मुंबई राज्यास महाराष्ट्र हे नाव प्राप्त झाले. तात्पर्य, कायद्याच्या दृष्टीने बाहेर पडला तो गुजरात. महाराष्ट्र हा उर्वरित भाग. या भेदाचे व्यावहारिक फलही होते : सचिवालय, उच्च न्यायालय व जुने दप्तर जागच्या जागी राहिले आणि अहमदाबादेस सर्व काही नव्याने मांडावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सुंदरलाल त्रिकमलाल देसाई हे गुजरातचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. राज्याचे उद्घाटन साबरमती आश्रमात रविशंकर महाराजांच्या हस्ते झाले. गांधीनगर ही राजधानी वसण्यास पुढे दहा वर्षे लागली. 396 सदस्यांच्या विधानसभेची वाटणी 264 आणि 132 अशी झाली. कर्जे, ठेवी, निवृत्तिवेतने यांच्या वाटणीसाठी आणि नोकरवर्गाच्या विभागणीसाठी स्वतंत्र कलमे होती व सेवाशर्ती केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून प्रतिकूल रीतीने बदलू नयेत, असे बंधन होते. त्या काळच्या कारकुनाची सेवापुस्तिका चाळली तर ही घडामोड एका पानावर दिसते : वरच्या नोंदींवर मुंबई सरकारचा शिक्का, खालच्या नोंदींवर महाराष्ट्र शासनाचा, आणि मधल्या तारखेला वेतनश्रेणीत कसलाही खंड नाही. दारूबंदी, कुळवहिवाट, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था यांसंबंधीचे मुंबईचे कायदे गुजरातेत ‘मुंबई’ हे नाव धारण करूनच कित्येक दशके अमलात राहिले.

तरुण पिढीवरील परिणाम : या विषयातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज 1960 चा नसून 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार आहे, असे प्रस्तुत संकलकाचे मत आहे. विदर्भ व मराठवाडा यांना मराठी राज्यात येण्यास राजी करताना जी वचने देण्यात आली, त्यांत धंदेशिक्षण व शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांतील प्रवेश आणि सरकारी नोकऱ्या यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल, हे वचन होते. राज्य मागणाऱ्या वडीलधाऱ्यांनी मुलांच्या प्रवेशाचा आणि नोकरीचा विचार लेखी केला, असा हा विरळा प्रसंग होय. त्याचा गाभा 1956 मध्ये राज्यघटनेच्या 371 व्या अनुच्छेदात आला. विभाजनानंतर तो महाराष्ट्र व गुजरात या दोहोंस लागू झाला. आणि महाराष्ट्रात वैधानिक विकास मंडळे प्रत्यक्ष स्थापन होण्यास 1994 साल उजाडले. म्हणजे 1953 मध्ये पाळण्यात असलेले मूल मंडळे स्थापन होईतो चाळिशी ओलांडून गेले होते. सौराष्ट्र व कच्छ यांच्यासाठी अशी मंडळे झालीच नाहीत. 1983 मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने विभागीय असमतोलाची मोजदाद केली व ‘अनुशेष’ हा शब्द रूढ झाला (पहा : विदर्भ).

शिक्षणाच्या बाजूने पाहता नव्या राज्याची पहिली काही वर्षे उत्साहाची होती. जुलै 1960 मध्ये भाषा संचालनालय, त्याच वर्षी नोव्हेंबरात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ, 1962 मध्ये कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ, 1964 मध्ये राजभाषा अधिनियम, 1967 मध्ये बालभारती असा हा क्रम आहे. आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफीची सवलत यशवंतराव चव्हाण यांच्या कारकीर्दीत विभाजनाच्या सुमारास सुरू झाली आणि गिरणी कामगाराचा मुलगा महाविद्यालयात जाण्याचा मार्ग तिने मोकळा केला. दादरचे कीर्ती महाविद्यालय 1954 चे, परळचे महर्षी दयानंद महाविद्यालय 1962 चे. त्यांपूर्वी या भागातल्या मुलास महाविद्यालयासाठी बहुधा दुसऱ्या भागात जावे लागे. लालबागच्या चाळीत एका खोलीत आठदहा माणसे, त्यांत पाळीवरून आलेला गाववाला निजलेला, म्हणून मुले सामायिक गॅलरीतल्या दिव्याखाली पाठ टेकून अभ्यास करीत आणि गिरणीचा भोंगा झाला की पाय आवरून वाट देत. या मुलांच्या दृष्टीने मराठी राज्य म्हणजे प्रथमत: सचिवालयातील मराठी टंकलेखकाची, तलाठ्याची, शिक्षकाची जागा होती, आणि ती काहींना खरोखरीच मिळाली.

ज्यांना ती मिळाली नाही त्यांची संख्या मोठी होती. राज्य मराठी झाले तरी गिरण्या, पेढ्या व व्यापारी कचेऱ्या यांची मालकी आणि तेथील नोकरभरती यांवर त्याचा थेट अंमल नव्हता. ऑगस्ट 1960 मध्ये दादरहून निघालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने कचेऱ्यांतील परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या याद्या छापण्यास प्रारंभ केला. 19 जून 1966 रोजी शिवसेना स्थापन झाली व तिची पहिली जाहीर सभा त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर भरली. चळवळीच्या काळी कम्युनिस्ट व समाजवादी यांच्यामागे उभा असलेला गिरणगावातील तरुण एका दशकात निराळ्या ध्वजाखाली गेला. या स्थित्यंतराची मीमांसा वादग्रस्त असल्याने येथे केलेली नाही (पहा : शिवसेना). 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. विभाजनाच्या वेळी जो मुलगा दहा वर्षांचा होता तो तेव्हा बत्तीस वर्षांचा, बहुधा बदली कामगार आणि दोनतीन लेकरांचा बाप होता. गिरण्यांचा ऱ्हास हा विभाजनाचा परिणाम होता, असे मुळीच म्हणता येत नाही. परंतु ज्या पिढीच्या नावाने राज्य मागितले गेले, तिच्या पायाखालची जमीन त्या राज्यातच सरकली, ही वस्तुस्थिती नोंदविल्यावाचून नोंद पुरी होत नाही.

गुजरातेतील तरुणांचा राजकीय प्रभाव 1974 च्या नवनिर्माण आंदोलनात दिसला. अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील खाणावळीच्या दरवाढीतून ते उद्भवले व मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला.

मुंबईतील गुजराती समाज : बहुतांशी मुंबईतच राहिला.

सरहद्दीवरील गावे : अधिनियमाने ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील आणि पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा व तळोदे तालुक्यांतील काही गावे गुजरातकडे दिली. उंबरगावात 1950 च्या सुमारास जन्मलेल्या मुलाचे उदाहरण घ्यावे : शाळेच्या दाखल्यावर त्याचा जिल्हा प्रथम ठाणे, 1960 नंतर सुरत आणि 1964 मध्ये नवा जिल्हा झाल्यावर बलसाड, असा दोनदा बदलला, घर तेच, विहीर तीच, समुद्रही तोच. डांग जिल्हा गुजरातकडे गेला. डांगी बोली मराठीची की गुजरातीची याविषयी मतभेद आहेत.

अक्कलकुव्याची कथा अधिक करुण आहे. विभाजनानंतर वर्षभरात, 5 एप्रिल 1961 रोजी, नवागाम येथे नर्मदा प्रकल्पाची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. महाराष्ट्र व गुजरात यांच्यापुरता जो एका राज्याचा अंतर्गत प्रश्न होऊ शकला असता, तो आता राज्याराज्यांतील तंटा झाला. 1969 मध्ये लवाद नेमला गेला व 1979 मध्ये त्याचा निवाडा आला. विजेतील 27 टक्के वाटा महाराष्ट्रास व 16 टक्के गुजरातेस, पाण्यातील सिंहाचा वाटा मध्य प्रदेश व गुजरात यांस, आणि अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील 33 आदिवासी गावे बुडिताखाली, असा महाराष्ट्रापुरता त्याचा हिशेब आहे. मणिबेली हे त्यांतील पहिले गाव. द्वैभाषिक मोडण्याच्या वाटाघाटींत या गावांना कोणी विचारल्याचे दिसत नाही.

म्हैसूर (कर्नाटक) : बेळगाव, निपाणी, कारवार आदी भागांवरील महाराष्ट्राचा दावा 1956 पासूनचा. सेनापती बापट यांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला. 1967 मधील त्याचा अहवाल महाराष्ट्राने नामंजूर केला. 2004 पासून मामला सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्र 865 गावांवर हक्क सांगतो आणि तेथील विद्यार्थ्यांसाठी आपल्या व्यावसायिक महाविद्यालयांत काही जागा राखून ठेवतो. यामुळे तेथला मराठी मुलगा कानडी राज्यात राहून महाराष्ट्रातील प्रवेशासाठी अर्ज करतो व त्यासाठी आपले गाव विवादग्रस्त असल्याचा दाखला जोडतो. तीन पिढ्या हा दाखला काढीत आल्या आहेत (पहा : सीमाप्रश्न).

गोवा : महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर दीड वर्षाने मुक्त झालेल्या गोव्यापुढे विलीनीकरणाचा प्रश्न उभा राहिला तो शेजारी मराठी राज्य सिद्ध असल्यामुळेच. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 व विरुद्ध 1,72,191 मते पडली.

तुलना : मलेशियातून सिंगापूर 1965 मध्ये आणि युरोपीय संघातून ब्रिटन 2020 मध्ये बाहेर पडले. ब्रिटनमधील सार्वमतात तरुण मतदारांचा कल संघात राहण्याकडे होता आणि बाहेर पडल्यावर इरॅस्मस ही विद्यार्थी-विनिमयाची योजना त्यांना अंतरली. आयर्लंडच्या सरहद्दीचा प्रश्न शेजाऱ्याच्या दारात उभा राहिला. मुंबई राज्याशी ही तुलना एका मर्यादेपर्यंतच टिकते. 1960 नंतरही नागरिकत्व, नाणे व बाजारपेठ एकच राहिली. सुरतेच्या मुलास मुंबईत शिकण्यासाठी पारपत्र लागले नाही. आणि बाहेर पडण्याचा अधिकार राज्यांकडे नसून सीमा बदलण्याची सत्ता घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेकडे आहे. साम्य आहे ते शेजाऱ्याविषयी : वाटणी दोघांत होते आणि तिसऱ्याच्या शेताचा बांध हलतो.

स्मारके : मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळील हुतात्मा चौकात मशाल धरलेल्या शेतकरी व कामगाराचे शिल्प, अहमदाबादेत भद्र येथे त्या विद्यार्थ्यांचे स्मारक.